रानवाट : चाळीस मुलं मावतील एवढी सावली

प्रश्न : बाई, नमस्कार. मी भडगाव तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला शिकवते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीस मुलांना पाटणादेवीच्या जंगलात पायी फिरवून आणायचं ठरवलंय. त्याआधी येत्या रविवारी मी आणि माझे मिस्टर मोटरसायकलवर जाऊन वाट बघून येणार आहोत. देवीचं देऊळ, केदारकुंड आणि जमलं तर पितळखोऱ्याची लेणी, असं सगळं एका दिवसात बसवायचा विचार आहे. पाहणीत नेमकं काय बघू?
– एक शिक्षिका, भडगाव तालुका

उत्तर : ताई, मुलांना नेण्याआधी स्वतः जाऊन बघावं असं तुम्हाला वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पुष्कळ जण 'माझं बघितलेलं आहे' म्हणतात आणि थेट बस भरून नेतात. पण ज्या दिवशी आपण बघितलं, त्या दिवशीचंच जंगल आपल्याला माहीत असतं.

हे मी अनुभवाने शिकले. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी वाट बघून आले. कुंडात पाणी होतं, ओढा वाहत होता. मुलांना नेलं फेब्रुवारीच्या शेवटी. साडेअकरापर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि ओढ्यात नुसते दगड. गुरं चारणारे एक आजोबा भेटले, म्हणाले, "बाई, आठे पानी नही शे," म्हणजे इथे पाणी नाही. एका मुलीला भोवळ आली. आजोबांनी स्वतःच्या कॅनमधलं पाणी तिला पाजलं. त्या दिवसापासून पाहणीत दिसलेलं पाणी मी हिशेबात धरत नाही. मुलांचं पाणी बसमधून न्यायचं, माणशी किमान दोन लिटर, आणि वीस लिटरचे दोन जार गाडीत शिल्लक ठेवायचे.

आता तुमच्या रविवारबद्दल. दोघं मोटरसायकलवर जाल, भराभर चालाल आणि 'एका तासात झालं' असं वहीत लिहाल. तसं करू नका. वर्गातलं सगळ्यात हळू चालणारं मूल डोळ्यांसमोर आणा. कोणाला दम लागतो, कोणाचा पाय अधू आहे, कोणाच्या पायात घसरती चप्पल आहे. त्या मुलाच्या चालीने चाला. जमलं तर घरातलं आठ-दहा वर्षांचं पोर सोबत घ्या, म्हणजे चाल आपोआप तेवढीच पडते. मी एकटी जी वाट अर्ध्या तासात संपवते, तिला चाळीस मुलांसह सव्वा तास लागतो. हे मी घड्याळ लावून बघितलंय, एकदा नाही, दरवर्षी.

निघायची वेळही सहलीचीच धरा. भडगावहून बस किती वाजता सुटणार, चाळीसगावात चहा-नाश्ता होणार का, तिथून पुढचे अठरा किलोमीटर, सगळं धरून जितके वाजता मुलं देवळापाशी उतरतील, त्याच वेळी तुम्ही तिथून चालायला लागा. याला कारण आहे. पाटण्याचे डोंगर दक्षिणेला उभे आहेत. जानेवारीत सूर्य खाली दक्षिणेला सरकलेला असतो, म्हणून घळीत ऊन फार उशिरा उतरतं. सकाळी मुलं थंडीने कुडकुडतात, आणि घळीतून उघड्यावर आली की एकदम ऊन लागतं. स्वेटर काढायचे कुठे आणि ठेवायचे कशात, इतकं बारीकसुद्धा आधी ठरवावं लागतं. वारही तोच धरता आला तर उत्तम. सुट्टीच्या दिवशी आणि मंगळवारी, शुक्रवारी देवीला दर्शनाची गर्दी असते, एरवी शांत असतं. नवरात्रात आणि चैत्रात तर विचारायलाच नको.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. जंगलातली पाऊलवाट एका माणसापुरती असते. चाळीस मुलं एकामागे एक चालली की रांग साठ-सत्तर मीटर लांब होते. तुम्ही पुढे उभं राहून अंजनाचं पान दाखवाल, ती जोडपानं फुलपाखराच्या पंखांसारखी कशी जुळलेली असतात ते सांगाल, पण मागच्या तीस मुलांना काहीच ऐकू येणार नाही. ती दगड फेकतील, वानरांना हाका मारतील. त्यांची काही चूक नाही. म्हणून पाहणीत झाडं शोधू नका, आधी जागा शोधा. चाळीस मुलं अर्धगोल करून उभी राहतील, त्या वेळी सावली असेल, आणि वर आग्या मोहोळ नसेल अशा चार किंवा पाच जागा. अशी जागा सापडली की मगच आजूबाजूला काय दाखवण्यासारखं आहे ते बघा. सलईची कागदासारखी सुटणारी साल असेल, धावडा असेल, बेल असेल, उतारावर कहांडोळाचं पांढरंफटक खोड असेल. हिवाळ्यात पानं झडल्यावर ते झाड लांबूनही ओळखू येतं, म्हणून तर त्याला भुत्या म्हणतात. एवढं एका दिवसाला भरपूर झालं.

मोहोळांकडे खरंच मान वर करून बघा. कड्यांच्या कपारीत आणि उंच झाडांवर ती लागतात, आणि दरवर्षी त्याच जागी असतील असं नाही. मुलांना अत्तर, सेंट लावून येऊ नका म्हणून बजावा. आणि शेकोटी, धूर काहीही झालं तरी नको.

पितळखोरं या वेळी सोडा. तुमची हौस मला कळते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेली लेणी, ती हत्तींची रांग, बघून मन भरून येतं. पण पाटण्याच्या बाजूने चढ कडक आहे आणि चाळीस मुलांसोबत परतताना अंधार पडेल. कन्नडकडून गाडी वरपर्यंत जाते आणि पायऱ्यांनी खाली उतरता येतं. त्यासाठी वेगळी सहल काढा. केदारकुंडसुद्धा 'जायचंच' असं धरू नका. पाहणीत वाटेवरची एक खूण ठरवा, एखादा मोठा खडक किंवा वळण, आणि वहीत वेळ लिहा : इतके वाजेपर्यंत इथवर पोचलो नाही तर इथूनच माघारी. हे आधी ठरलेलं नसलं की मुलांच्या 'बाई, थोडंच राहिलं!'पुढे आपण विरघळतो.

ओढा ओलांडायच्या जागा नव्याने बघा, जुन्या आठवणीवर जाऊ नका. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस घाटात जो पाऊस झाला, डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर येऊन आमचं चाळीसगाव पाण्यात गेलं, त्यानंतर मी जानेवारीत गेले तर माझ्या ओळखीचे, पाय ठेवून ओलांडायचे दगड जागेवर नव्हते. वीस वर्षं ज्या दगडांवरून पोरं नेली, ते वाहून गेलेले बघून मी बराच वेळ काठावर बसून राहिले होते.

आता बाकीचं भरभर सांगते. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, म्हणून वनविभागाला लेखी अर्ज आधी द्या आणि प्रवेशाचे नियम, फी, वेळा त्याच दिवशी तिथे विचारून घ्या. गावातला एखादा माहीतगार वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे नीट द्या. मोबाईलला रेंज कुठपर्यंत आहे ते वहीत मांडा, घळीत ती जाते. साप चावल्यावरचं औषध कोणत्या दवाखान्यात असतं याची चौकशी चाळीसगावातच करा. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, त्याला कडी आणि पाणी आहे का, हे स्वतः आत जाऊन बघा. याकडे दुर्लक्ष झालं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी. वेफर्सची पाकिटं नकोत, वानरं ती हातातून ओढतात आणि प्लास्टिक रानात राहतं.

एक गोष्ट मात्र नक्की करा. पाटणादेवीचं हे पाटण गणिती भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेली जागा आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, त्याचा शिलालेख इथेच मिळाला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या गणितात सावल्यांचा स्वतंत्र भाग आहे. तेव्हा देवळाच्या आवारात एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा, मग एखाद्या झाडाची सावली मोजा आणि मुलांना झाडाची उंची काढू द्या. आठवीच्या मुलांना हे सहज जमतं. रविवारी तुम्ही एकदा स्वतः करून बघा, आणि झाड असं निवडा की ज्याची सावली सपाट जागेवर पूर्ण पडते.

प्रश्न : गौताळ्यात बिबटे आहेत, वाघही आला होता म्हणतात. कुटुंबाला घेऊन पायी फिरणं धोक्याचं नाही का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : बिबटे आहेत, अस्वलंही आहेत. २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. आपल्या रानात वाघाला यावंसं वाटलं, याचा मला अभिमान आहे. दिवसाउजेडी, ठरलेल्या वाटेने, घोळक्याने आणि वाटाड्यासोबत चालणाऱ्यांना ही जनावरं सहसा टाळतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटेवर राहू नका. लहान मुलांना रांगेच्या पुढे किंवा मागे एकटं धावू देऊ नका, मध्ये ठेवा. पाहणीला जाल तेव्हा वाटेवरच्या मातीत ठसे आणि विष्ठा बघा, आणि ताजे ठसे दिसले तर वनरक्षकाला सांगा. अस्वलाची काळजी मला बिबट्यापेक्षा जास्त वाटते, कारण ते अचानक समोर आलं की बिथरतं. दाट झुडपाच्या वळणावर आपसात मोठ्याने बोलत जावं, म्हणजे त्याला आधीच चाहूल लागते.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला हतनूर धरणावर पक्षी बघायला न्यायचंय. आधी जाऊन काय ठरवून येऊ?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, तुमच्यासाठी मुख्य प्रश्न उन्हाचा आणि बसायचा आहे. धरणाचं पाणी भिंतीच्या पूर्वेला पसरलंय. सकाळी भिंतीकडून बघाल तर सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. पाणी पश्चिमेला येईल असा काठ शोधा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील आणि चक्रवाकाचा केशरी रंग नीट दिसेल. अशा काठापर्यंत गाडी किती जवळ जाते आणि शेवटच्या टप्प्यात चिखल आहे का, ते पायाने चाचपून बघा. वाट शेतातून असेल तर मालकाला आधी भेटा, कापणीला आलेल्या हरभऱ्यातून वीस माणसं नेऊ नका. घडीच्या खुर्च्या न्या, भडक रंगाच्या शाली नकोत. मंडळातल्या ज्यांना चालणं होत नाही, त्यांच्यासाठी परतताना तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या देवळाशी थांबा. तिथे बसल्या जागेवरून नदी दिसते.