रोज मीटिंग होते, तरी कामं अडकलेलीच

प्रश्न: नमस्कार ताई, मी अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आम्ही ८ जण हॉस्पिटलच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ६ महिन्यांपूर्वी स्क्रम (छोट्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत काम करायची पद्धत) सुरू झालं, २ आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे असा एक टप्पा, ठरवतो पण तिसऱ्याच दिवशी क्लायंटचा फोन येतो की बिल निघत नाहीये, आणि सगळा प्लॅन कोलमडतो. सकाळची मीटिंग ४५ मिनिटं चालते. वरून या क्वार्टरला ७ ओकेआर, म्हणजे मोजता येतील अशी उद्दिष्टं, आलेत. कोणी म्हणतं कानबान करा, कोणी म्हणतं वॉटरफॉलच (आधी सगळा प्लॅन, मग एकेक टप्पा संपवत सरळ पुढे) बरं होतं. काय करू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पत्र वाचून मला आधी एकच विचारावंसं वाटलं, आज तुमच्याकडे सुरू केलेली पण न संपलेली कामं किती आहेत? पत्रात तो आकडाच नाहीये आणि माझ्या मते सगळी अडचण तिथेच आहे.

डोंबिवलीहून रोज येता म्हणजे दादरचा प्लॅटफॉर्म तुम्हाला वेगळा सांगायला नको. उतरणाऱ्यांना उतरू न देता सगळे एकदम चढायला लागले की ना कोणी उतरतं ना चढतं. टीमचंही तसंच होतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला एक नियम आहे, अगदी साधा भागाकार. समजा तुमच्या यादीत २४ तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, उघडी आहेत आणि आठवड्याला ६ बंद होतात, तर एका तिकिटाला सरासरी ४ आठवडे लागणार. वेग तोच ठेवून उघडी कामं १२ वर आणा, २ आठवडे. जास्त वेळ बसायची गरज नाही, फक्त नवीन काम हातात घ्यायच्या आधी जुनं संपवायचं.

कानबान म्हणजे मुळात हेच. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ते बसवलं, पुढच्या टप्प्याला लागेल तेवढंच मागच्याने बनवायचं. आपल्याकडे लोक बोर्डवर "करायचं", "चालू", "झालं" असे तीन कॉलम काढतात आणि म्हणतात झालं कानबान, पण "चालू" कॉलमवर मर्यादा घातली नाही तर तो नुसता बोर्डच राहतो. तुम्ही ८ जण आहात तर एका वेळी ५-६ चालू कामांच्या मर्यादेपासून सुरू करा आणि दर आठवड्याला एकाला क्लायंटच्या फोनवर नेमा, म्हणजे बाकीच्या ७ जणांचं लक्ष मोडणार नाही. फोनवरचं काम रोजच येतं, त्याला स्प्रिंटमध्ये कोंबून तुम्ही ६ महिने स्वतःलाच दोष देत बसलात, तो देऊ नका.

मीटिंगचं म्हणाल तर स्क्रममध्येही ती १५ मिनिटांचीच आहे आणि ती टीमसाठी आहे, मॅनेजरला हजेरी द्यायला नाही. एकेकाला "काल काय केलंस" विचारण्यापेक्षा बोर्ड उजवीकडून वाचा, जे संपत आलंय ते आधी, ते कशाने अडलंय आणि आज कोण सोडवतंय एवढंच बोला.

वॉटरफॉल टाकाऊ नाही हो. ज्यांच्या १९७० च्या लेखातून ते आलं त्या विन्स्टन रॉइस यांनी तिथेच लिहिलं होतं की हे असंच्या असं सरळ राबवणं जोखमीचं आहे. पण तारीख आणि नियम दोन्ही बाहेरून ठरलेले असतील, जसं १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा सगळ्याच बिलिंगवाल्यांचं झालं, तर तारखेपासून मागे मोजत टप्पे पाडलेलेच बरे. असं काम आलं की तेवढ्यापुरतं तसं करा.

राहता राहिले ७ ओकेआर. ८ माणसांना ते पेलणार नाहीत, हे मॅनेजरला सरळ सांगा, पण हात हलवत जाऊ नका. आधी दोन आठवडे उघड्या आणि बंद झालेल्या तिकिटांचा आकडा लिहून ठेवा, तो समोर ठेवून विचारा की ७ ओकेआरपैकी दोन कोणते ठेवायचे. त्यातला एक मी तुमच्या जागी असते तर हाच मागितला असता, बिल अडकल्याचा फोन आल्यापासून बिल निघेपर्यंतचे तास निम्म्यावर आणणं, कारण त्या वेळात काउंटरवर पेशंटचे नातेवाईक ताटकळत उभे असतात.