दिवसभर उभं राहून पाय ठणकतात, त्यावर

ताई, तुम्ही लिहिलंय की नगर रस्त्यावरच्या मॉलमध्ये कपड्यांच्या शोरूमला लागून तीन महिने झाले, नऊ-दहा तास उभं राहावं लागतं, रात्री पोटऱ्या ठणकतात आणि सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच टेकवत नाही. 'होईल सवय' असं सगळे म्हणतात, ते खरं का, असं विचारलंय.

मी लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानात २६ वर्षं काढली. सवय होते हो, पण दुखण्याची. पायांना कसली सवय?

मी लागलो तेव्हा आमच्याकडे गादी होती. पांढरी चादर, समोर गिऱ्हाईक मांडी घालून, आम्हीही बसूनच साड्या उलगडायचो. कपाटातून थप्पी काढायला उठायचं, परत बसायचं. शिवाय दुपारी एक ते चार शटर खाली. पुणेरी दुकानांच्या त्या तीन तासांवर लोक विनोद करतात, करू देत. आम्ही तेव्हा माळ्यावर भिंतीला पाय लावून आडवे व्हायचो. मग काचेची काउंटरं आली, गुळगुळीत फरशी आली, दुपारची सुट्टी गेली. काही वर्षांतच माझ्या डाव्या पोटरीवर शीर उठली, गांडुळासारखी वाकडीतिकडी. मी ती तेल लावून जोरजोरात रगडायचो आणि लग्नसराईत उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घ्यायचो. पाय तसाच राहिला, वर पित्त मागे लागलं.

शेवटी डॉक्टरकडे गेलो, डॉपलर केलं, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघणारी सोनोग्राफी, तेव्हा गोष्ट कळली. पायातलं रक्त वर चढवायचं काम मुख्यतः पोटरीचा स्नायू करतो. पाऊल टाकलं की तो आवळतो, आतली शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. खांबासारखं उभं राहिलं की हा पंप बंद. रक्त खाली साठतं, झडपांवर ताण येतो. पर्वती चढून आल्यावर दुखणारे पाय दोन दिवसांत मोकळे होतात. जागच्या जागी उभं राहिल्याचं दुखणं रोज नव्याने साठतं.

म्हणून पहिलं काम, हलत राहा. गिऱ्हाईक आरशात बघत असेल तेवढ्यात टाचा वीसेक वेळा वर-खाली करा. काउंटरमागे कुणाला दिसत नाही. दुसरं, मी घरून जेवणाचा जुना लाकडी पाट नेला आणि काउंटरखाली ठेवला. एक पाय पाटावर, एक फरशीवर, थोड्या वेळाने अदलाबदल. कंबरेला इतका फरक पडला की शेजारच्या काउंटरवाल्यानेही पाट आणला. मालक आधी हसले, मग बोहरी आळीतून जाड रबरी मॅट घेऊन आले. अनवाणी उभे असाल तर ती मॅट फार उपयोगी.

बुटांचं म्हणाल तर तुमच्या युनिफॉर्मच्या त्या चपट्या, पातळ तळव्याच्या बुटांवर माझा सगळ्यात जास्त संशय आहे. सकाळची टाचदुखी बहुधा त्यांचीच देणगी: तळव्याचा पट्टा ताणला जातो, रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला ओरडतो. पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरा, दहा-दहा सेकंद. रात्री फ्रीजरमधली गोठलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तळव्याखाली फिरवा. नवे बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. काळा रंग हवा असेल तर काळे, जाड सोलचे घ्या, मॅनेजर रंगच बघतो.

घरी गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. घट्ट मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, मी आजही वापरतो, पण पहिली जोडी अंदाजाने घेतली आणि गुडघ्याखाली वळ उठले. घोटा आणि पोटरी मोजून घ्या, सकाळी सूज यायच्या आत चढवा, झोपताना काढा. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घालू नका.

रोज रात्री नडगीवर अंगठा दाबून बघा. खड्डा पडून तसाच राहत असेल, किंवा घोट्याभोवती कातडी तपकिरी पडायला लागली असेल, तर दाखवा. आणि एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखायला लागली, तर ती चोळू नका. रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

आता स्टुलाचं. 'बसलेलं गिऱ्हाइकाला चांगलं दिसत नाही' असं मॅनेजर म्हणतो, असं लिहिलंत. केरळात कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी हाच मुद्दा लावून धरला, आणि तिथे २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय सक्तीची झाली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसंच केलं. हे मॅनेजरला सांगा, पण भांडायला जाऊ नका, नोकरी नवी आहे. तीन-चार जणी मिळून ट्रायल रूमच्या बाजूला एक स्टूल मागा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाळीपाळीने दहा मिनिटं बसायला. एकटीने मागितलं तर कामचुकार म्हणतील. स्टूल मिळेपर्यंत पाट न्या, त्याला परवानगी लागत नाही.