मोडी येते ना? मग तिथूनच सुरुवात कर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. स्वतःची वेबसाइट काढून कमवायचं म्हणतेस, आणि एका दमात चार प्रश्न विचारलेस. थीम कुठली घेऊ, जाहिरातींचे महिन्याला किती मिळतात, 15 हजारांचा तो कोर्स लावू का, आणि अगदी शेवटी, जाता जाता, ‘काका, विषय कुठला घेऊ?’ उत्तरं मात्र मी माझ्या क्रमाने देतो.

आधी कोर्सचं. लावू नकोस. साइट बनवायचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, फुकट मिळतं, 2003 पासून आहे, आणि बसवायला शिकायचं तर दोन रविवार पुरतात. ‘घरबसल्या लाख रुपये’ शिकवणाऱ्याचे स्वतःचे लाख रुपये कुठून येतात, ते पोरांनी भरलेल्या फीच्या पावत्या मोजून बघ.

जाहिरातींबद्दल माझाच अनुभव सांगतो. डीटीपीचं काम कमी झालं तेव्हा मी आरत्या-स्तोत्रांची साइट काढली होती. श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेला मजकूर पडूनच होता, तो युनिकोडमध्ये बदलून चढवला. (हे बदलताना जोडाक्षरं फुटतात, ‘र्‍या’ची तर वाट लागते, ती सगळी हाताने दुरुस्त केली.) गणपतीचे दहा दिवस माणसांची रीघ. अनंत चतुर्दशीनंतर शुकशुकाट. ॲडसेन्सचा, म्हणजे साइटवर जाहिराती देणाऱ्या गूगलच्या सेवेचा, नियम असा की खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, आणि 100 डॉलर भरेपर्यंत पैसा हातात येत नाही. मला त्या 100 डॉलरपर्यंत पोहोचायला सोळा महिने लागले. आरत्या माझ्या नव्हत्या, माझ्यासारख्या आणखी कितीतरी साइट होत्या, आणि वाचणाऱ्याला माझी म्हणून काही गरज नव्हती. जाहिराती लाव हवं तर, पण त्यावर घर चालेल असं धरू नकोस. आणि मैत्रिणींना ‘जरा क्लिक करा गं’ असं चुकूनही सांगू नकोस, खातं बंद होतं.

आता विषय. तू मोडी, मराठीची ती जुनी लिपी, शिकलीस तेव्हा घरचे हसले होते ना? 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि जुनी दप्तरं उघडल्यावर ती वाचणारी माणसं किती थोडी उरली आहेत ते सगळ्यांना कळलं. ते प्रकरण बाजूला ठेवलं तरी घराघरात ट्रंकेच्या तळाशी कागद आहेत. आजोबांचं खरेदीखत, वाटणीपत्र, देवस्थानाची सनद, कोतवाल बुकातली जन्माची नोंद. शाळेतून मोडी गेली त्याला सत्तर वर्षं होत आली. ज्याच्याकडे कागद आहे त्याला तो वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो तो कुठे राहतो हे त्याला माहीत नाही. तुझी साइट या दोघांच्या मध्ये उभी राहायची आहे.

म्हणून थीमचा प्रश्न सोड. पांढरं पान, काळी अक्षरं, मोबाइलवर नीट दिसायला हवं, बस. पहिल्या पानावर एका मोडी कागदाचा फोटो आणि त्याच्या शेजारी ओळीला ओळ लावून तू केलेलं लिप्यंतर. तो कागद तुझ्या स्वतःच्या घरातला घे. गिऱ्हाइकाचा कागद त्याला न विचारता कधीच लावायचा नाही. जमिनीच्या कागदावरून भाऊबंदकी पेटते, कुणाच्या पणजोबांनी कुणाला काय लिहून दिलं ते साऱ्या गावाने तुझ्या साइटवर वाचावं असं व्हायला नको.

दर लिही, पानागणिक. ‘दरासाठी संपर्क करा’ असं लिहिलेल्या ठिकाणी मी स्वतः कधी फोन करत नाही. घसटलेल्या, फाटलेल्या, वाळवी लागलेल्या कागदाचा दर वेगळा, आणि कागद बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. अर्धे पैसे आधी. आपल्याकडे पैसे मागायची लाज वाटते, म्हणून ते तोंडाने मागण्यापेक्षा साइटवर लिहून टाकावेत. आणखी एक गोष्ट ठळक अक्षरांत घाल: हे लिप्यंतर माहितीसाठी आहे. कोर्टात किंवा सरकारी कामात लागणार असेल, तर तिथे कुणाची सही चालते ते आधी त्या कार्यालयात विचारून या. एखादं गिऱ्हाईक यामुळे परत जाईल. जाऊ दे. पैसे घेऊन झाल्यावर ‘तुमचा कागद चालला नाही’ म्हणून भांडायला आलेला माणूस फार महाग पडतो.

फोटो कसा काढावा याचं एक वेगळं पान कर. उजेडात, फ्लॅश न लावता, कागदाच्या चारही कडा दिसतील असा, आणि पाठची बाजूसुद्धा. शेरे, शिक्के पुष्कळदा पाठीवरच असतात. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो. मोडीत आधी रेघ, मग तिला लटकणारी गोल गोल अक्षरं. तिथे फोटो थोडा धुरकट झाला की ओळखणं कठीण. म्हणून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं चित्र काढून दाखव.

आणि मग लेख. लोक शोधतात कसे, त्याचा विचार कर. ‘मोडी लिपीचा इतिहास’ कुणी शोधत नाही असं नाही, पण तो शोधणारा विद्यार्थी असतो, त्याच्याकडे ट्रंक नसते. ज्याच्या हातात कागद आहे तो वर अडतो, तारखेपाशी. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे काय? तू सांगू शकतेस: एक, सत्तर, हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक वर्षगणना) 1071. मृग नक्षत्राला हा सन बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे इसवी सन 1670-71. हे सगळ्या आकड्यांच्या अरबी नावांसह एका कोष्टकात दिलंस, की तो माणूस तारीख लावून घेईल आणि उरलेला कागद तुझ्याकडे पाठवेल. असेच ‘मौजे’, ‘मजकूर’, फसली सन, नाण्यांची आणि मापांची नावं. दहा लेख पुरेत. मात्र प्रत्येक लेख असा हवा, की तो वाचून काही जणांचं काम फुकटात होऊन जाईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता जिथे मी हात पोळून घेतला ते. आरत्यांच्या साइटचं नाव, म्हणजे डोमेन, मी स्वतः घेतलं नव्हतं. साइट बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलानेच ते आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर घेतलं. दर वर्षी मी त्याला पैसे द्यायचो आणि तो भरायचा. एक वर्ष तो दुबईला गेला, नंबर बदलला. एका सकाळी साइट उघडेना. चौकशी केली तर नाव त्याचं, ओटीपी त्याच्या बंद फोनवर, आणि मी कोण? कुणीच नाही. घर मी बांधलं, सातबारा त्याचा. काही दिवसांनी ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं, आज तिथे रमीची जाहिरात दिसते.

तेव्हा डोमेन तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर, तुझ्या नंबरवर. कॉलेजचा ईमेल नको, तो वर्षभराने बंद होईल. पहिल्या वर्षाच्या 99 रुपयांना भुलू नकोस, दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघ. नाव साधं घे. ‘वाचन’ रोमन अक्षरांत लिहिताना व्ही की डब्ल्यू, ए एक की दोन, असा घोळ होतो. फोनवर मावशीला नाव सांग आणि ती काय टाइप करते ते बघ. 2014 पासून ‘.भारत’ असं देवनागरी नावही मिळतं, ते मला फार आवडतं, पण ते दुसरं म्हणून घे.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, स्वस्तातलं चालेल. पत्त्यापुढचं कुलूप, एसएसएल, फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नकोस. महिन्यातून एकदा सगळ्या साइटची प्रत आपल्या पेनड्राइव्हवर. जीएसटीची काळजी वर्षाला 20 लाख मिळायला लागले की करू, तेव्हा पेढे घेऊन ये. कमाईची वही मात्र पहिल्या रुपयापासून लिही.

हो, आणि टेलिग्रामवरून तुला ‘व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये मिळवा’ असा मेसेज आलाय म्हणालीस. पहिले दीडशे खरंच देतात. मग ‘मोठ्या टास्क’साठी तुझ्याकडून पाच हजार भरून घेतात, मग वीस. पैसे मिळवायला आधी पैसे भरा म्हटलं, की तिथून उठायचं. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, हेही लक्षात ठेव. गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्यांतही असे भेटतील. कुणी ओळखीचं फसलंच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांग, तासातासाने पैसे लांब जातात.

पहिलं गिऱ्हाईक कधी येईल, विचारशील. साइटवरून यायला चार-सहा महिने. त्याआधीचं मी देतो. आमच्या शेजारच्या नानांकडे बारा पानांचा एक रुमाल (कापडात बांधलेले जुने कागद) आहे, इनामाचा असावा असं ते म्हणतात. मी त्यांना दर सांगितलाय, ओळखीने कमी करू नकोस. रविवारी दुपारी ये, चारनंतर. त्याआधी नाना झोपलेले असतात. येताना शुहूर सनाचं कोष्टक हाताने लिहून आण, टाइप मी करून देतो.

तुझा,
काका