नाशिकच्या द्राक्षबागेतली निरोगी आणि केवडाग्रस्त पानं: आरएनए सिक्वेन्सिंगमधून दोन गटांतला स्प्लायसिंगचा फरक कसा काढू?

आरमॅट्स (rMATS, स्प्लायसिंगची तुलना करणारं सॉफ्टवेअर) वापरा. नेहमीचं डीईसेक२ (DESeq2) सॉफ्टवेअर जनुकाची एकूण पातळी सांगतं, त्याच्या आरएनएचे तुकडे कसे जोडले गेले, म्हणजे स्प्लायसिंग, ते नाही. आरमॅट्स एक्झॉनच्या (आरएनएत जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यांवर पडलेले रीड्स (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले छोटे अंश) मोजतं आणि तो एक्झॉन किती टक्के प्रतींत राहिला, म्हणजे पीएसआय, याची दोन गटांत तुलना करतं. प्रत्येक गटात किमान ३ वेगवेगळ्या वेली हव्यात. एकाच वेलीची ३ पानं हा पुरावा नव्हे. एफडीआर (निवडलेल्या निकालांत खोट्यांचं अपेक्षित प्रमाण) ०.०५ खाली आणि पीएसआयचा फरक १० टक्क्यांहून जास्त, ही सुरुवातीला चांगली चाळणी. मात्र वनस्पतींत इंट्रॉन (एरवी कापून टाकला जाणारा तुकडा) तसाच राहून जाणं हा सर्वाधिक आढळणारा प्रकार, आणि नमुन्यात डीएनए उरला तरी हुबेहूब तसंच दिसतं. डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरलं होतं का ते आधी बघा, निवडक जनुकं आरटी-पीसीआरने (आरएनएपासून डीएनए बनवून त्याच्या प्रती वाढवणारी चाचणी) तपासाच.