ऑटोरिमूव्ह चालवण्याआधी ती यादी वाचा

थांबा, अजून होकाराचा ‘वाय’ दाबू नका.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उबंटू या लिनक्स प्रणालीचा लॅपटॉप आहे, डिस्क भरत आलीय, म्हणून लिबरऑफिस, मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर आणि न लागणारे दोन-तीन स्नॅप (वेगळ्या पद्धतीने बसणारे प्रोग्राम) काढायचेत. त्याआधी तुम्ही तमिळ, तेलुगू, बंगाली वगैरे फॉन्ट काढून टाकलेत. तेव्हापासून आप्ट, म्हणजे प्रोग्रामची पॅकेजेस बसवणारं-काढणारं साधन, दरवेळी सांगतंय की ४३ पॅकेजेस आपोआप बसवली होती, आता त्यांची गरज नाही, ती काढायला ऑटोरिमूव्ह चालवा. तर चालवू का?

तुम्ही दिलेल्या यादीत ‘फॉन्ट्स-देवा’ आणि ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ ही दोन नावं दिसली का? देवा म्हणजे देवनागरी. वाय दाबलंत तर तमिळ-तेलुगूच्या मागोमाग मराठीचे फॉन्टही जातील.

हे असं का झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे उरलेल्या नावांचंही तुम्हीच ठरवू शकाल. आप्ट प्रत्येक पॅकेजबद्दल एक नोंद ठेवतं: हे वापरणाऱ्याने स्वतः मागून बसवलं, की दुसऱ्या कुणासाठी सोबत आलं. पहिल्याला मॅन्युअल म्हणतात, दुसऱ्याला ऑटो. ‘फॉन्ट्स-इंडिक’ नावाचं एक पॅकेज आहे, त्याच्या पोटात स्वतःचा एकही फॉन्ट नाही. बंगाली, देवनागरी, गुजराती, तमिळ, तेलुगू अशा एकेका लिपीच्या पॅकेजांना एकत्र बांधणारी ती फक्त एक गाठ आहे. तुम्ही तेलुगू काढलंत तेव्हा गाठ सुटली, म्हणजे फॉन्ट्स-इंडिकही गेलं. तेव्हा स्क्रीनवर ‘ही पॅकेजेस काढली जातील’ या ओळीखाली त्याचं नाव आलं असणार. ते गेल्यावर फॉन्ट्स-देवाला बोलावणारं कुणी उरलं नाही आणि त्याच्यावर ऑटोची खूण होतीच, म्हणून ते ‘गरज नाही’च्या यादीत आलं.

आप्टला एवढंच माहीत असतं की कोणतं पॅकेज कुणी मागवलं. तुम्ही रोज मराठी वाचता हे त्याला कुठून कळणार?

उपाय अगदी सोपा. ‘सुडो आप्ट-मार्क मॅन्युअल फॉन्ट्स-देवा’ अशी कमांड द्या. आता ते तुम्ही स्वतः मागितलंय अशी नोंद होईल. मग ‘आप्ट ऑटोरिमूव्ह’ला ‘डॅश एस’ जोडून चालवा. हे नुसतं नाटक असतं, खरं काहीच काढलं जात नाही, पण यादी खरी मिळते. फॉन्ट्स-देवा आणि त्याच्यासोबत आलेले लोहित वगैरे फॉन्ट यादीतून गेलेले दिसतील.

उरलेल्या नावांपैकी ‘लिब’ने सुरू होणारी बहुतेक लायब्ररी आहेत, म्हणजे इतर प्रोग्रामना लागणारे भाग, त्यांची फार चिंता नको. एखादं बसवलेलं पॅकेज त्यांच्यावर उभं असतं, तर ती या यादीत आलीच नसती. मात्र तुम्ही स्वतः सोर्सवरून कंपाइल करून काही बसवलं असेल, तर ते आप्टच्या हिशेबात नसतं, तेवढं आठवून बघा. जे नाव ओळखीचं नाही त्याला ‘आप्ट शो’ लावा, ते काय आहे ते दोन ओळींत कळतं. एखादं पॅकेज कुणाला लागतंय हे बघायला ‘आप्ट आरडिपेंड्स’ला ‘डॅश डॅश इन्स्टॉल्ड’ जोडा.

एक अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. एका छोट्या ऑफिसात मी स्कॅन केलेली बिलं लहान करून ठेवणारी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली होती. तिला इमेजमॅजिक, म्हणजे चित्रांचा आकार बदलणारं साधन, लागायचं. ते मशीनवर आधीपासून होतं, म्हणून मी वेगळं बसवलं नाही. खरं तर ते इंकस्केप या चित्रकामाच्या प्रोग्रामसोबत आलं होतं. वर्षभराने कुणी इंकस्केप वापरत नाही म्हणून ते काढलं, ऑटोरिमूव्ह चालवलं, सगळं स्वच्छ. महिनाअखेरीस कळलं की त्या दिवसानंतरचं एकही बिल पुढे गेलेलं नाही. स्क्रिप्ट म्हणजे पॅकेज नव्हे, तिला काय लागतं हे आप्टला ठाऊक नसतं. तेव्हापासून स्क्रिप्ट लिहिली की तिला लागणारी पॅकेजेस त्याच दिवशी मॅन्युअल करून टाकतो.

आता मायएसक्यूएल. तुमच्या सगळ्या कामात धोक्याचं हेच आहे. ‘रिमूव्ह’ केलं की प्रोग्राम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. ‘पर्ज’ केलं की त्याही जातात. डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत पर्जच्या वेळी पुढचा प्रश्न येतो: सगळे डेटाबेसही पुसायचे का? त्या निळ्या-करड्या खिडकीत घाईने ‘यस’ झालं की व्हार-लिब मधला मायएसक्यूएलचा फोल्डर गेला. त्याला कचरापेटी नाही.

म्हणून आधी ‘मायएसक्यूएलडंप’ने सगळे डेटाबेस एका फाइलमध्ये घ्या. फाइल तयार झाली एवढ्यावर विश्वास ठेवू नका, तिची शेवटची ओळ ‘टेल’ कमांडने बघा. ‘डंप कम्प्लीटेड’ आणि तारीख असेल तरच डंप पूर्ण झालाय. मध्येच जागा संपली असेल तर ही ओळ नसते, आणि तुमची डिस्क भरलेलीच आहे. फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. ‘मायएसक्यूएल-सर्व्हर’ हेही गाठीसारखंच रिकामं पॅकेज आहे. खरा सर्व्हर आवृत्तीचा आकडा असलेल्या पॅकेजात असतो, ‘सर्व्हर-८.०’ असा. नुसतं पहिलं काढून ‘काढलं तरी चालूच आहे’ असा प्रश्न इथे अनेकांनी विचारलाय.

आणि कृपा करून नावाच्या दोन्ही बाजूंना तारा (*) लावून पर्ज करू नका. बऱ्याच जुन्या सल्ल्यांत तेच लिहिलेलं असतं. दोन्हीकडे तारा लावला की ‘लिबमायएसक्यूएलक्लायंट’सारखी लायब्ररीही त्यात येते, आणि तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम तिच्यासोबत निघतात.

लिबरऑफिस त्यामानाने निरुपद्रवी. ‘लिबरऑफिस-कोअर’ काढा, रायटर, कॅल्क, इम्प्रेस सगळे सोबत जातात. तुमच्या होम फोल्डरला आप्ट कधीच हात लावत नाही, रिमूव्ह असो की पर्ज. स्पेलिंग तपासताना तुम्ही शब्दकोशात मराठी शब्द भरले असतील, तर ते डॉट कॉन्फिगमधल्या लिबरऑफिसच्या फोल्डरात, ‘वर्डबुक’मध्ये असतात. जागेसाठी तो फोल्डर पुसायच्या आधी ते शब्द काढून ठेवा. वर्षानुवर्षं भरलेले ते शब्द पुन्हा बसून कोण भरणार?

स्नॅपचं गणित निराळं. ‘स्नॅप रिमूव्ह’ केलं की तो तुमच्या डेटाची एक प्रत आपोआप काढून ठेवतो आणि ती ३१ दिवस राहते. चुकून काढलं तर ‘स्नॅप रिस्टोअर’ने परत मिळते, हे फार चांगलं आहे. पण तोवर जागाही अडते. ‘स्नॅप सेव्ह्ड’ने यादी बघा, नको असलेल्याला ‘स्नॅप फरगेट’. ‘कोअर२२’सारखे स्नॅप दिसले तर त्यांना हात लावू नका, ते इतरांचा पाया असतात.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगतो. काढण्याची यादी फक्त काढतानाच येते असं नाही, बसवतानाही येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या उबंटूवर आधारित प्रणालीवर स्टीम हा गेमचा प्रोग्राम बसवण्याची कमांड दिली. पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, म्हणून आप्टने डेस्कटॉपच काढायचं ठरवलं आणि ‘यस, डू अॅज आय से’ हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने केलं, आणि डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. नंतर आप्टमध्ये यावर बंधन आलं, अत्यावश्यक पॅकेजं आता इतक्या सहज निघत नाहीत. तरी तुमची आवृत्ती कोणतीही असो, ‘काढली जातील’च्या खाली तुम्ही न मागितलेलं नाव दिसलं की ‘एन’ दाबा आणि इथे विचारा. ‘पायथन३’ काढू नका, उबंटूचा अर्धा डेस्कटॉप त्याच्यावर उभा आहे.

काही गेलंच, तर घाबरून लॅपटॉप बंद करू नका. व्हार-लॉगमधल्या आप्टच्या फोल्डरात ‘हिस्टरी डॉट लॉग’ नावाची फाइल असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या कमांडने काय काय काढलं, सगळं तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. तिथली नावं उचलून ‘आप्ट इन्स्टॉल’ला द्यायची. डेस्कटॉपच गेला असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि तिथून हेच करा. वायफाय चालेलच असं नाही, म्हणून लॅनची केबल किंवा यूएसबीने मोबाइलचं नेट हाताशी असू द्या.

तेव्हा आज एवढं करा: फॉन्ट्स-देवा मॅन्युअल, मग डॅश एस लावून ऑटोरिमूव्ह, आणि जी यादी येईल ती इथे टाका. मायएसक्यूएलला डंप बाहेरच्या डिस्कवर पोचेपर्यंत हात लावू नका. मी रात्री नऊनंतर बघतो.