टेन्शनची गोळी, बीपीची गोळी आणि दोन फायली

‘मॅडम, टेन्शनची गोळी आणि बीपीची गोळी एकत्र चालते का?’ पन्नाशीपुढच्या माणसांचा हा माझ्याकडचा हमखास प्रश्न. कुणाची बीपीऐवजी शुगरची असते, कुणाची थायरॉईडची. विचारण्याची वेळही ठरलेली: बोलणं संपून चप्पल पायात सरकवली, की दारातून. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी, किती डोस यावर मत देत नाही. पण बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं आणि त्याप्रमाणे घरी काहीतरी सुरूही केलेलं असतं. ते मात्र मी काढून घेते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेले एक गृहस्थ यायचे. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बीपीसाठी मेटोप्रोलॉल बरीच वर्षं चालू. कर्जाच्या काळजीनं झोप उडाली, छातीत धस्स व्हायला लागलं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी पॅरॉक्सेटीन हे चिंता-नैराश्यावरचं औषध दिलं आणि बोलण्यासाठी माझ्याकडे पाठवलं. दीड-दोन महिन्यांत चांगला उतार पडला. मग एका भेटीला चेहरा पडलेला.

‘गोळ्यांची धडक व्हायलीय मॅडम. मोबाईलवर लाल अक्षरात दिलंय, ह्या दोन्ही एकत्र घेऊ नका म्हणून.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘डोकं लावलं. एकदम घ्यायच्याच न्हाईत. एक दिवस बीपीची, एक दिवस टेन्शनची. तरीबी चक्कर हायच. हे बघा, सगळं लिहून ठेवलंय.’

पुरावा म्हणून त्यांनी दिनदर्शिकेचं पान फाडून आणलं होतं. कारखानदार माणूस, नोंदी चोख. पान बघताच मला काय ते दिसलं, पण मी बोलले नाही. घाबरलेल्या माणसाला आपण सांगितलेलं पटत नाही, त्याला स्वतःला सापडलेलं पटतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. गोळीनं काय केलं यापेक्षा गोळीबद्दल माणूस स्वतःशी काय बोलतो, ते मी आधी ऐकते. म्हटलं, ‘मोठ्यानं वाचा बघू.’

‘मंगळवार, बीपीची. संध्याकाळी डोक्यात करंट, चक्कर, चिडचिड. बुधवार, टेन्शनची. छातीत धडधड. गुरुवार, बीपीची. परत करंट. शुक्रवार...’ ते थांबले. बोट मागं नेऊन पुन्हा मंगळवारवर ठेवलं. बराच वेळ पानाकडे बघत राहिले.

‘मॅडम, जी गोळी घेतली न्हाई तिचाच त्रास व्हतोय की ओ!’

अशा वेळी गप्प राहणं जमायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि ते जमतं याचा आनंद मी लपवत नाही. त्यांच्या त्रासाची कारणं पुढं डॉक्टरांनीही तीच सांगितली. पॅरॉक्सेटीन शरीरातून लवकर उतरतं, खाडा झाला की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. मेटोप्रोलॉल एकाएकी चुकवलं की धडधड होते, बीपी उसळतो. हृदयाचा त्रास असलेल्याला तर ते धोक्याचंच.

पण मोबाईलवरचं लाल अक्षर खोटं होतं का? नाही, आणि तेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मेटोप्रोलॉलचा निचरा लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममुळे होतो, ते पॅरॉक्सेटीन अडवतं. कारखान्याच्या गेटात एक ट्रॉली आडवी झाली की मागची उसाची रांग जशी तुंबते, तसं बीपीचं औषध रक्तात साठत जातं. मग नाडी मंदावते, बीपी फार खाली जातो. म्हणून एक सकाळी आणि एक रात्री असं अंतर ठेवूनही ही अडचण सुटत नाही, कारण अडवणूक चोवीस तास चालू असते. उपाय डॉक्टरांकडेच असतो: नाडी तपासत राहणं, डोस कमी करणं किंवा एक औषध बदलणं.

म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. ‘बीपीच्या डॉक्टरांना ही दुसरी गोळी ठाऊक आहे?’

ते काही बोलले नाहीत. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, वहिनी, बोलल्या. ‘त्यांची ती फाईल वर्कशॉपच्या ड्रॉवरला असती. घरात फक्त बीपीची. डॉक्टर ओळखीतले, उगं चार माणसांत बोलणं नको.’ आणि मानसोपचारतज्ज्ञांना? ‘बीपी थोडा हाय’ एवढंच सांगितलं होतं, गोळीचं नाव नाही.

एका माणसाच्या दोन फायली दोन कुलपांत. माझ्या अनुभवात दहातल्या आठ जणांच्या गोळ्यांचं भांडण इथंच अडकलेलं असतं. त्यांनी माझ्यासमोरच दोन्ही डॉक्टरांना फोन लावला. नाडी, ईसीजी बघून झालं. तज्ज्ञांनी पॅरॉक्सेटीन काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवून, त्या एन्झाइमला फारसं न अडवणारी दुसरी गोळी दिली. ओळखीतल्या डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, ‘आधी का नाही सांगितलंस?’

आता सगळ्यांसाठी. प्रत्येक जोडी धोक्याची नसते, पण काही खरंच असतात. लिथियम (मूडच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यानं अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नये, लिथियम रक्तात वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः लघवी जास्त करवणाऱ्या, तेच होतं. हात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं दिसलं तर वाट बघायची नाही, सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठायचं. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याच गोळ्यांबरोबर डायक्लोफेनॅकसारखी औषधं रोज चालली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, शौच काळी झाली तर लगेच दाखवा. आणि डॉक्टरकडे जाताना चिठ्ठी नको, सगळी पाकिटंच एका पिशवीत न्या, काढे-चूर्णांसकट. मेडिकलवाल्यालाही बिनधास्त विचारा, फार्मासिस्टचं शिक्षण त्यासाठीच असतं.

शेवटच्या भेटीत वहिनींनी स्वतःची पिशवी टेबलावर ठेवली. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम, दोन्ही सकाळच्या चहाबरोबर. ‘ह्यांचं बघून माझंबी बघा की.’ इथं मात्र अंतर ठेवून खरंच भागतं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी पोटात थायरॉईडचं औषध नीट शोषू देत नाही, म्हणून मध्ये किमान 4 तास हवेत. त्यांनी डॉक्टरांना विचारून थायरॉईडची सकाळी उठल्यावर उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर सुरू केलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करायला सांगितलीय.