हिरोशिमा एका दिवसात उरकू नका: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं आणि मुलं (मुलगा १३, मुलगी ८) जपानला जातोय. टूरवाल्याने ओसाकाहून एकाच दिवसात हिरोशिमा आणि मियाजिमा बेट दोन्ही बसवलंय. जमेल का? आणि मुलांना तिथल्या अणुबॉम्बच्या म्युझियममध्ये न्यावं की नाही, घरातले सगळे नको म्हणतायत.

उत्तर: जमायला जमतं हो, शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) ओसाकाहून दीड तासात पोचाल, पण माझं ऐकाल तर एक रात्र तरी हिरोशिमात मुक्काम करा. म्युझियममधून बाहेर पडल्यावर लगेच बोट पकडून हरणांसोबत फोटो काढायला जाणं मनाला पटत नाही, आणि घाईघाईत दोन्ही ठिकाणं अर्धवट राहतात.

सुरुवात डोमपासून करा, म्हणजे अणुबॉम्बमधून अर्धवट उरलेल्या घुमटाच्या इमारतीपासून. १९१५ साली यान लेत्झेल नावाच्या चेक आर्किटेक्टने बांधलेली ही प्रदर्शनाची इमारत, ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब तिच्यापासून जेमतेम दीडशे-एक मीटर बाजूला आणि साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला, स्फोटाचा दाब जवळजवळ सरळ वरून आला म्हणून काही भिंती आणि घुमटाचा सांगाडा उभा राहिला. नंतर पाडायची की ठेवायची यावर गावात बरीच वर्षं वाद होता, रोज ती बघणं कित्येकांना सहन व्हायचं नाही, शेवटी १९६६ मध्ये नगरपालिकेने जपायचा ठराव केला. आतमध्ये सोडत नाहीत, बाहेरूनच बघायची. तिथे जवळच नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे, २०२३ मध्ये बसवलेला, तोही बघून घ्या.

मग नदी ओलांडून पीस पार्कमध्ये या. हा अख्खा भाग म्हणजे तेव्हाची गजबजलेली वस्ती होती, दुकानं, घरं, देवळं, आज आपण ज्या हिरवळीवरून चालतो तिथे लोक राहत होते, हे मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे ती नुसती बाग वाटणार नाही. आर्किटेक्ट केन्झो तांगेंनी पार्क असा आखलाय की बॉम्बमध्ये गेलेल्यांच्या स्मारकाच्या कमानीसमोर उभं राहिलं की कमानीतून १९६४ पासून पेटती ठेवलेली ज्योत आणि तिच्यामागे डोम, सगळं एका रेषेत दिसतं. तिथे दोन मिनिटं थांबाच.

आता मुलांचं. मुलाला नक्की न्या, तेरा वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि कळायलाही हवं. मुलीसाठी मात्र मी आधी मुलांच्या स्मारकापाशी जाईन. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये बारा वर्षांची असताना ल्युकेमियाने गेली, आजारपणात ती कागदाचे क्रेन पक्षी घडत राहिली. तिच्या वर्गातल्या मुलांनी पुढाकार घेतला, देशभरातल्या शाळांमधून पैसे जमले आणि १९५८ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. घरूनच चार क्रेन घडून न्या, मुलीला स्वतःच्या हाताने तिथे ठेवू द्या. म्युझियमच्या मुख्य इमारतीत मात्र जळालेले कपडे, मुलांचे डबे, भाजलेल्या माणसांचे फोटो असं सगळं खरंखुरं आहे, तेव्हा तुमच्यापैकी एकाने मुलीला घेऊन बाहेर थांबावं, मग अदलाबदल करा. तिकीट मोठ्यांना फक्त २०० येन आहे त्यामुळे गर्दी भरपूर असते, सकाळचा लवकरचा स्लॉट ऑनलाइन बुक करा. त्यानंतर दुपारी काही ठरवू नका. फार तर शुक्केइएन बागेत जाऊन बसा, १६२० सालची बाग आहे, बॉम्बमधून वाचलेलं एक गिंको झाड तिथे अजून उभं आहे, थोडं कललेलं.

प्रश्न: मियाजिमाचं लाल तोरी (मंदिराचं प्रवेशद्वार) काही फोटोंत पाण्यात तरंगतं आणि काहींत लोक त्याच्या खालून चालताना दिसतात, मग नेमकं कधी जायचं?

उत्तर: दोन्ही खरं आहे, सगळा भरती-ओहोटीचा खेळ. पाणी २५० सेंटीमीटरच्या वर असलं की तोरी तरंगल्यासारखं दिसतं, १०० च्या खाली गेलं की चालत पायथ्याशी जाता येतं. भरतीचं टाइमटेबल ऑनलाइन मिळतं, हॉटेल बुक करण्याआधी ते बघा, नंतर नाही! एका दिवसात दोन्ही बघायचं तर भरती आणि ओहोटीमध्ये साधारण सहा तास जातात हे धरून चला, म्हणूनच मी मघाशी मुक्कामाचं म्हणत होते. ओहोटीला जवळ गेलात तर खांब नीट बघा, कापराच्या झाडाचे प्रचंड बुंधे आहेत आणि ते जमिनीत पुरलेलेच नाहीत, सुमारे १६ मीटर उंचीचं हे तोरी स्वतःच्या वजनावर उभं आहे, वरच्या आडव्या तुळईत दगड भरलेत ते त्यासाठीच. आत्ताचं तोरी १८७५ चं आहे. मागच्या इत्सुकुशिमा मंदिराला तायरा नो कियोमोरी या सरदाराने ११६८ मध्ये आजचं रूप दिलं. बेटावर उतरणाऱ्याकडून १०० येन कर घेतात, तो फेरीबोटीच्या तिकिटाबरोबरच भरायचा. आणि हरणांना खायला घालू नका, हातातला कागदसुद्धा ओढून खातात.

प्रश्न: आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. हिरोशिमा झेपेल का?

उत्तर: क्योटोच्या मंदिरांपेक्षा नक्की झेपेल. पीस पार्क सपाट आहे, बाक भरपूर आहेत, आणि स्टेशनवरून ट्राम थेट डोमसमोर सोडते. ही ट्राम बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी थोड्या अंतरावर का होईना पुन्हा सुरू झाली होती, तेव्हाच्या एक-दोन गाड्या अजून रस्त्यावर धावतात, दिसली तर आईंना दाखवा. मियाजिमालाही मंदिरापर्यंतचा रस्ता किनाऱ्याने सपाटच आहे. आईंना बेटावरच्या मिसेन डोंगराच्या शिखरावर न्यायचा मोह मात्र टाळा, रोपवे आहे म्हणून लोक आईवडिलांना घेऊन जातात पण रोपवे संपल्यावर शिखरापर्यंत अजून अर्धा तास चढउतार आणि पायऱ्या आहेत. त्यांना वरच्या स्टेशनवर बसवून तुम्ही एकट्या शिखरावर जाऊन या, समुद्र आणि बेटं तिथूनही छान दिसतात.